आधार कळवावा

६ जानेवारी, सोमवार
नव्या वर्षाचा संकल्प पाच दिवस उशिरा लिहितोय. घाईत केलेले संकल्प टिकत नाहीत, म्हणून. संकल्प एकच: या वर्षी घाबरायचं नाही.

म्हणजे मी घाबरट आहे असं नाही. सावध आहे. एकोणीस वर्षं दैनिकाच्या रविवार पुरवणीची प्रुफं तपासतोय, लोकांच्या वेलांट्या सरळ करतोय. सावध माणसाशिवाय हे काम होत नाही. पण घरात ‘सावध’ला ‘घाबरट’ म्हणतात.

आजची घटना. चौथ्या पानावर खाली शब्दकोडं असायचं. कोडेवाले गृहस्थ मुलाकडे कायमचे राहायला गेले. चौकट रिकामी. संपादकबाई केबिनच्या दारात येऊन सगळ्यांना म्हणाल्या, दोनशे शब्दांचं काही आहे का कुणाकडे. सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझी आधीच खाली होती, म्हणून मी ती आणखी खाली घातली. बाईंना तो होकार वाटला. बोला, म्हणाल्या.

तोंडाला आलं ते बोललो. वाक्प्रचार. कसले, म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून सुचलं, अशक्य गोष्टींचे. अर्थ आणि उगम. दर रविवारी. ‘चालेल,’ म्हणाल्या आणि आत गेल्या.

एकोणीस वर्षांत प्रथमच संपादकांनी माझी कल्पना उचलून धरली. पोटात गोळा आलाय. आनंदाचाच असणार.

८ जानेवारी, बुधवार
संशोधनाला सुरुवात. पहिला विषय: सशाचं शिंग.

दुपारी वाचनालयात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी कार्ड मागितलं. कार्ड चार वर्षांपूर्वी संपलंय. नवीन करायला फॉर्म लागतो, फोटो लागतो, आणि ‘इतकी वर्षं कुठे होतात’ याचं उत्तर लागतं. फक्त वेळ विचारायला आलो होतो असं सांगून परतलो.

ऑफिसच्या शब्दकोशात आहे: शशशृंग, सशाचे शिंग, अशक्य वस्तू. संपलं. उगमाबद्दल अवाक्षर नाही. कोशकार मंडळी नको तिथे हात आखडता घेतात.

सायंकाळी ७. लिहून झालं. एका राजाच्या दरबारात एक शिकारी सशाची दोन शिंगं घेऊन येतो, बक्षीस मागतो, प्रधान ती पाण्यात बुडवतो, मेणाची निघतात. तेव्हापासून. लिहिताना मला ते पाणी दिसत होतं. इतकं स्पष्ट दिसणारी गोष्ट घडलेलीच असणार.

१२ जानेवारी, रविवार
छापून आलं. टोपणनाव ‘शब्दयात्री’. विनयापोटी.

बायकोने वाचलं. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे, त्यामुळे तिला सगळ्याची खात्री लागते. हे कुठल्या राज्यात झालं, विचारलं. जुन्या, म्हटलं. तिने पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाली, ‘आमच्याकडे सॅम्पल न घेता रिपोर्ट दिला तर त्याच दिवशी घरी पाठवतात.’ मी म्हटलं, भाषा म्हणजे रक्त नव्हे. वाक्य चांगलं झालं. लिहून ठेवतोय.

पोरीला मात्र फार आवडलं. नववीत आहे. तिने मोठ्याने दोनदा वाचलं. तिच्या मैत्रिणींनाही पाठवलं.

१९ जानेवारी, रविवार
दुसरा लेख: वाऱ्याची मोट बांधणे. यात मी एका म्हाताऱ्या खलाशाला आणलंय. तो विहिरीवरच्या चामड्याच्या मोटेत वारा भरून जहाजवाल्यांना विकायचा. खलाशाला विहिरीवरची मोट कुठून मिळाली हा प्रश्न छापून आल्यावर पडला. कुणाच्या लक्षात येणार नाही.

२२ जानेवारी, बुधवार. दुपारी १२.२०
लक्षात आलं.

शिपाईकाकांनी टेबलावर पाकीट ठेवलं. वर ‘शब्दयात्री यांस’. माझी पहिली वाचकपसंती, असं मनाशी म्हणत उघडलं. आत एक कागद, छापल्यासारखं अक्षर, एकही खाडाखोड नाही:

‘सशाच्या शिंगाची हकीगत वाचली. आधार कळवावा. मोट म्हणजे गाठोडेही. वाक्प्रचारात तीच मोट आहे. वारा गाठोड्यात बांधता येत नाही एवढाच अर्थ. विहीर कुठून आली? आधार कळवावा.’

खाली ‘एक वाचक’ आणि पत्ता. पोरीच्या शाळेमागची गल्ली.

दुपारी ३. पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. मग शब्दकोशाखाली. मग शर्टाच्या खिशात. तिथे ते धडधडायला लागलं म्हणून परत ड्रॉवरमध्ये.

सायंकाळी. विचार केला. ‘आधार’ हा शब्द सामान्य माणूस वापरत नाही. हा वकील असणार किंवा निवृत्त न्यायाधीश. भरघोस मिशा. याचं नाव मी आधारकर ठेवलंय. नाव ठेवलं की भीती कमी होते असं कुठेतरी वाचलं होतं. आधार आठवत नाही.

२३ जानेवारी, गुरुवार
मेहुणा वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट आहे. त्याला सहज फोन केला. माझ्या एका मित्राने शब्दांच्या काही उत्पत्ती जरा मोकळेपणाने लिहिल्या, तर तो कायद्याने अडचणीत येतो का. मेहुणा म्हणाला, कसल्या उत्पत्ती. मी म्हटलं, सशाच्या शिंगाच्या. त्याचं टायपिंग थांबलं. मग म्हणाला, ‘मित्राला सांगा, गप्प बस.’

म्हणजे प्रकरण गंभीर आहे. घरी आल्यावर बायको म्हणाली, भावाचा फोन आला होता, तुमची तब्येत विचारत होता.

२६ जानेवारी, रविवार
तिसरा लेख, उंबराचं फूल. हा आधीच देऊन ठेवला होता, नाहीतर थांबवला असता. त्यात लिहिलंय की उंबराला शंभर वर्षांतून एकदा एकच फूल येतं आणि ते पाहणाऱ्याची वाचा जाते, म्हणून कुणी सांगू शकत नाही. ही युक्ती मला फारच आवडली होती. साक्षीदारच ठेवला नाही.

२९ जानेवारी, बुधवार
पाकीट. शिपाईकाका हल्ली माझ्याकडे येताना हसतात. त्यांना वाटतं माझं काहीतरी चालू आहे.

‘उंबराला फुले येतात. फळाच्या आत असतात, म्हणून दिसत नाहीत. दुर्मीळ दर्शनाला उंबराचे फूल म्हणतात ते त्यामुळे. उंबर न मिळाल्यास अंजीर उघडून पाहावे. आधार कळवावा.’

सायंकाळी अंजीर आणलं. प्रुफांचं भिंग लावून उघडलं. आत शेकडो बारीक फुलं, एकमेकांना खेटून. मी एखादं वाक्य खरं ठरलेलं इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. घाम फुटला. तेवढ्यात पोरगी आली आणि फळ तोंडात टाकून गेली. बरं झालं. पुरावा उरला नाही.

निर्णय: उद्या आधारकरांना सविस्तर, अभ्यासपूर्ण, सौम्य पण ठाम उत्तर लिहायचं.

३० जानेवारी, गुरुवार
उत्तर लिहायला घेतलं. ‘आपले पत्र मिळाले’ इथपर्यंत झालं. वाक्य ठाम आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार
‘गगनाला गवसणी’ परवा आलं. उत्तर आज. ‘गवसणी म्हणजे वाद्यावर घालायचा कापडी खोळ. आपण लिहिता तशी ती कुणा राजकन्येचे नाव नव्हती. आधार कळवावा.’

‘खोळ’ स्त्रीलिंगी. ‘कापडी खोळ’ बरोबर, पण ‘घालायचा’ चूक. ‘घालायची’ हवं. आधारकरांची एक चूक सापडली. दिवसभर मन प्रसन्न. संध्याकाळी कोश उघडला तर काहीजण पुल्लिंगीही धरतात, असं निघालं. कोश बंद केला.

फोन वाजला की छातीत धस्स होतं. केबिनचं दार उघडलं की हातपाय गार पडतात. आज पाचावर धारण बसली होती. या वाक्प्रचाराचाही उगम शोधायला हवा, पण ती बसलेली असताना शोधणं कठीण आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
खरा घाव आज बसला. पोरगी म्हणाली, शाळेत वक्तृत्व स्पर्धा आहे, पुढच्या शनिवारी. विषय ‘अशक्य’. तिने नाव दिलंय. भाषणाची सुरुवात सशाच्या शिंगाने, मध्ये खलाशी, शेवटी राजकन्या गवसणी.

मी म्हटलं, दुसरा विषय घे. म्हणाली, विषय त्यांनीच दिलाय. मग दुसरी उदाहरणं घे. म्हणाली, ‘का? सगळं तुमचंच तर आहे, बाबा.’ आणि आरशासमोर उभी राहून म्हणायला लागली. हात फार छान करते. मेणाची शिंगं पाण्यात वितळतात तिथे आवाज खाली आणते. मेण पाण्यात वितळत नाही हे मला तेव्हा सुचलं.

निर्णय: उद्या तिला शांतपणे खरं सांगायचं.

८ फेब्रुवारी, शनिवार
तिचा क्लास होता.

१० फेब्रुवारी, सोमवार
तिला सर्दी. अशा वेळी धक्का देऊ नये.

१२ फेब्रुवारी, बुधवार
तिची सर्दी बरी. मला लागली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
आता सांगून तिचा आत्मविश्वास खचवणं योग्य नाही. बापाचं काम पोरीला बळ देणं. मी शेवटच्या रांगेत बसून बळ देईन. शिवाय आधारकरासारखा माणूस नववीच्या स्पर्धेला कशाला येतोय. तो कोर्टात असणार.

१५ फेब्रुवारी, शनिवार. सायंकाळी ६
जे झालं ते क्रमाने लिहितो.

हॉल भरलेला. बायकोची ड्यूटी होती म्हणून मी एकटाच. शेवटच्या रांगेत दाराजवळची खुर्ची घेतली. हवेसाठी. स्टेजकडे जाताना पोरीने मी कुठे बसलोय ते नीट पाहून घेतलं आणि मान डोलावली.

तिचा नंबर चौथा. हातात कागद नव्हता. बोलायला लागली आणि हॉल शांत झाला. जिथे हसायला हवं तिथे लोक हसले. शिकारी पकडला जातो तिथे पुढची बायकामाणसं चुकचुकली. मला क्षणभर वाटलं, हे खरंच घडलेलं आहे. टाळ्या पडल्या.

परीक्षक तीन. दोन शाळेतलेच. तिसऱ्या म्हणजे टोकाला बसलेल्या एक बारीक चणीच्या वयस्क बाई, जाड चष्मा, मांडीवर कापडी पिशवी. त्यांनी माइक जवळ ओढला. म्हणाल्या, छान बोललीस. मग म्हणाल्या, ‘सशाच्या शिंगाची ही गोष्ट कुठे मिळाली? आधार काय?’

तो शब्द मी कुठेही ओळखला असता. न्यायाधीश गेला, मिशा गेल्या.

पुढचं मी पाहिलं नाही. ऐकलं. कारण तोवर मी बाहेर पाण्याच्या कूलरपाशी होतो. तहान लागली होती. बाहेरच्या भिंतीवरही एक स्पीकर आहे, त्यातून पोरीचा आवाज स्वच्छ येत होता. ‘माझे बाबा. ते पुरवणीत शब्दयात्री या नावाने लिहितात. त्यांनी शोधून काढलंय. ते आलेत. शेवटच्या रांगेत, दाराजवळ.’

मग खुर्च्या करकरल्याचा आवाज. दोनशे माणसं एकदम मागे वळली की असा आवाज होतो.

  मग त्या बाई अगदी हळू म्हणाल्या, ‘असू दे. बस हं बाळ.’

मी चार ग्लास पाणी प्यायलो.

१६ फेब्रुवारी, रविवार
पोरीला नंबर नाही. काल घरी येताना गाडीवर मागे बसून एकदाच बोलली. तुम्ही होतात ना, विचारलं. मी म्हटलं, पाणी प्यायला गेलो होतो. ती म्हणाली, ‘कधी?’ ट्रॅफिक होता, त्यामुळे ऐकू न आल्यासारखं झालं.

या रविवारी लेख दिला नव्हता. आजारी म्हणून कळवलं होतं. माझ्या चौकटीत गादीची जाहिरात आली. वाचकांच्या फोनचा भडिमार होईल म्हणून मोबाइल सायलेंटवर ठेवला. संध्याकाळी पाहिलं. एक मिस्ड कॉल, मेहुण्याचा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
पोरगी जेवताना म्हणाली, सशाची गोष्ट खरी आहे का. मी म्हटलं, खरी म्हणजे काय हे आधी ठरवावं लागेल. तिने ताट उचललं आणि मोरीत ठेवलं. पूर्वी ती माझंही उचलायची.

२० फेब्रुवारी, गुरुवार
बायकोला सगळं कळलंय. कुणी सांगितलं माहीत नाही. मी तर नाही.

रागावली नाही. कपड्यांच्या घड्या घालत बोलत होती. म्हणाली, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिच्या हातून दोन बाटल्यांची अदलाबदल झाली होती. एका धडधाकट माणसाला मोठ्या आजाराचा रिपोर्ट गेला. तिच्या लक्षात आलं तेव्हा तो माणूस रिपोर्ट घेऊन घरी पोचला होता. कुणालाच कळलं नसतं असं नाही, पण तिच्याकडे बोट कुणी दाखवलं नसतं. ‘मी फोन केला. नंबर फिरवताना बोट तीनदा चुकलं. तो माणूस मला वाट्टेल ते बोलला. मग रडला. मग थँक यू म्हणाला.’

मी विचारलं, तुला भीती नाही वाटली? म्हणाली, ‘वाटली की. फोन करताना वाटत होती. तुम्ही ती वाटायची थांबेल म्हणून बसून राहता.’

सोळा वर्षांत ही गोष्ट तिने मला सांगितली नव्हती. का सांगितली नाही ते विचारलं नाही.

निर्णय: आधारबाईंना प्रत्यक्ष भेटायचं.

२२ फेब्रुवारी, शनिवार
गल्लीपर्यंत गेलो. कुत्रं होतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार
कुत्रं नव्हतं. म्हणजे कुठेतरी दबा धरून असणार. परतलो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
घरापर्यंत गेलो. पहिल्या मजल्यावर त्या कपडे वाळत घालत होत्या. कामात असलेल्या माणसाला त्रास देऊ नये.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. सायंकाळी ५.३०
भेटलो. 

बेल दाबली. दार साखळी लावून चार बोटं उघडलं. आतून आवाज, कोण. माझी बोबडी वळली होती. तोंडातून निघालं, ‘शब्दयात्री.’

दार बंद झालं. मी जायला वळणार तोच साखळी निघाल्याचा आवाज आला. त्यांचा चेहरा पांढराफटक. म्हणाल्या, ‘आत या. रागावून आलात का?’

हे मी नीट लिहून ठेवतो, कारण उद्या मलाच खरं वाटणार नाही. त्या मला घाबरत होत्या. चार पत्रं घातली, एकाचंही उत्तर नाही. त्यांना वाटलं, पेपरवाले चिडले, आता वकिलाची नोटीस येणार. त्यात शाळेत पोरीसमोर तसं झालं. तेव्हापासून बेल वाजली की त्या आधी खिडकीतून बघतात. मंगळवारी कपडे वाळत घालताना त्यांना खाली एक माणूस दिसला होता, वर बघत उभा. त्या दिवशी त्यांनी दाराला आतून टेबल लावलं होतं.

मी त्या माणसाबद्दल काही बोललो नाही.

त्यांनी चहा केला. दोघांच्याही कपबशा वाजत होत्या. एकतीस वर्षं त्यांनी भाषा शिकवली. म्हणाल्या, ‘मुलीला मी तिथे, सगळ्यांदेखत विचारायला नको होतं. जन्माची सवय. माझं चुकलं.’ मी माफी मागायला गेलो होतो. वाक्य पाठ होतं. पण त्यांनीच आधी मागितल्यावर काय करणार. मी म्हटलं, काही हरकत नाही. मोठ्या मनाने माफ केलं.

मग त्यांनी कपाटातून बुटांची खोकी काढली. नऊ. आत उभी लावलेली कार्डं, तेच छापल्यासारखं अक्षर. प्रत्येक कार्डावर एक वाक्प्रचार, अर्थ, कुठे सापडला, कोणत्या पानावर. जिथे उगम सापडला नाही तिथे स्वच्छ लिहिलंय: ‘माहीत नाही.’ अशी कार्डं पुष्कळ. मी एवढ्या वेळा ‘माहीत नाही’ कुठे लिहिलेलं पाहिलं नव्हतं. अंगावर काटा आला.

सशाचं शिंग विचारलं. म्हणाल्या, जुन्या तर्कशास्त्रातले पंडित वाद घालताना हे उदाहरण द्यायचे. सशाचं शिंग, कासवाचे केस, आकाशातलं फूल. ससा आहे, शिंगही जगात आहे, पण सशाचं शिंग नाही. शब्द जुळवला की वस्तू असतेच असं नाही, हे दाखवायला. ‘राजा नाही, शिकारी नाही,’ म्हणाल्या. ‘पण तुमचा प्रधान मला आवडला.’

दोन प्रकाशकांना त्यांनी पूर्वी विचारलं होतं. दोघांनी उत्तर दिलं नाही. त्यानंतर त्यांनी कुणाला विचारलं नाही. निघताना ‘अशक्य’ असं लिहिलेलं एक खोकं त्यांनी माझ्या हातात ठेवलं. तुमच्या बाईंना दाखवाल का, म्हणाल्या. मी म्हटलं, उद्याच.

१ मार्च, शनिवार
खोकं घरी आहे. दाखवायचंच आहे. पण आधी त्यातलं एखादं छापून वाचकांचा कौल घ्यावा, म्हणजे संपादकबाईंपुढे बाजू भक्कम होईल. आकाशपुष्पाचं कार्ड टाइप केलं. ‘ख’ म्हणजे आकाश, खपुष्प म्हणजे आकाशातलं फूल. फार सुंदर. खाली ‘शब्दयात्री’ लिहिलं. हे तात्पुरतं. मी केवळ माध्यम.

५ मार्च, बुधवार
लेख अजून पाठवला नाही. टाइप केलेला कागद बॅगेत आहे. बॅग जड लागते.

६ मार्च, गुरुवार
पोरगी पट्टी शोधत माझ्या टेबलाशी आली. उघड्या खोक्याशी थांबली. हे कुणाचं अक्षर, विचारलं. ऑफिसातल्या एकांचं, म्हटलं.

ती म्हणाली, ‘हे त्या परीक्षक बाईंचं आहे. त्यांनी मला स्पर्धेनंतर चिठ्ठी दिली होती. आवाज चांगला आहे, आधार स्वतः शोधावा, असं.’ मग तिने शेजारचा टाइप केलेला कागद पाहिला. वरपासून खालपर्यंत वाचला. खालचं नावही वाचलं. कार्ड उचललं, खोक्यात अक्षरक्रमाने बरोबर जागी लावलं, पट्टी घेतली आणि गेली.

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या पायाखालची वाळू सरकली. आजवर मी लोकांना घाबरायचो. पोरीला घाबरायची वेळ पहिल्यांदा आली.

कागद फाडला. चार तुकडे केले, मग सोळा.

१० मार्च, सोमवार. दुपारी १
कबुली दिली.

दोन पानी निवेदन केलं होतं. राजीनाम्याचा परिच्छेद शेवटी होता. खोकं छातीशी धरून केबिनमध्ये गेलो. बाई पानांवर सह्या करत होत्या. बसा, म्हणाल्या. मी उभाच राहिलो, कारण बसलो असतो तर उठता आलं नसतं. निवेदन बाहेर टेबलावरच राहिलं होतं. एका दमात सगळं सांगितलं. सशापासून कूलरपर्यंत. 

बाईंनी पेन खाली ठेवलं. आता आभाळ कोसळणार म्हणून मी डोळे मिटले. त्या म्हणाल्या, ‘शब्दयात्री म्हणजे तुम्ही का? मला वाटलं, ते कोडेवालेच तिकडून पाठवतात.’

डोळे उघडले. मी म्हटलं, बाई, जानेवारीत आपलं बोलणं झालं होतं. त्यांना आठवेना. पत्रं किती आली, विचारलं. चार, म्हटलं. किती जणांची? एकीची. ती चौकट पुढच्या महिन्यात काढायचीच होती, म्हणाल्या, कुणी वाचत नाही. गादीवाले मागताहेत.

निघता निघता मी खोकं टेबलावर ठेवलं. बाईंनी एक कार्ड काढलं. मग दुसरं. मग फोन आला तो घेतला नाही. आठ-दहा कार्डं वाचून झाल्यावर म्हणाल्या, ‘यांचा नंबर आहे?’

राजीनाम्याचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही.

१४ मार्च, शुक्रवार
चौथ्या पानाचं प्रूफ माझ्याकडे आलं. अर्थात माझ्याकडेच येणार. चौकट दुप्पट मोठी केलीय. वर आधारबाईंचं पूर्ण नाव.

वाचायला घेण्याआधी दोनदा हात धुतले. दोन महिने ज्याला घाबरत होतो ते हेच. आता यात माझ्या एकेका लेखाची चिरफाड असणार, शब्दयात्री कोण ते असणार, पोरीच्या शाळेत, वाचनालयात, मेहुण्याच्या ऑफिसात सगळीकडे वाचलं जाणार. उत्तर काय द्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं. मौन.

लेख सशाच्या शिंगावर. साधा, सरळ. शेवटी पानं, आधार, सगळं. खाली संपादकबाईंनी टाकलेली तिरक्या अक्षरातली एक ओळ: ‘या जागी गेले काही आठवडे आलेला मजकूर वाचकांनी विसरून जावा.’

माझं नाव नाही. टोपणनावही नाही. ‘आलेला मजकूर’. जणू पाऊस आला होता.

ती ओळ तीन वेळा तपासली. चूक नाही. सही करून खाली पाठवली.

१६ मार्च, रविवार. सकाळी ९
पुरवणी पोरीने आधी घेतली. तिथेच दाराशी उभी राहून वाचली. पूर्ण. खालची ओळही वाचली असावी, कारण नजर तिथे जरा थांबली.

मी चहा घेत होतो. सहज म्हणालो, आधी कोण लिहायचं ते दिलेलं नाही वाटतं.

‘नाही,’ म्हणाली. मग पेपर माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, ‘बरं झालं, बाबा.’

मीही म्हटलं, बरं झालं.